खोडव्याची ज्वारी नांगरू नका, पण आज दावणीलाही टाकू नका

लातूरकडच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. जूनअखेर दीड एकरावर मल्टीकट चारा ज्वारी पेरली. पहिली कापणी ऑगस्टअखेर झाली, खोडव्याला (कापल्यावर बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) लगेच युरिया टाकला आणि त्यानंतर पावसाने तीन आठवडे पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, पानांच्या सुरळ्या झाल्या. परवा चांगला पाऊस झाला. त्याच दिवशी शेजाऱ्याची गाय दावं तोडून असल्याच ज्वारीत शिरली आणि अर्ध्या तासात बांधावर मरून पडली. विचारणाऱ्याकडे 6 गाई, 2 म्हशी आणि काही शेळ्या आहेत, घरचा चारा संपत आलाय. ते विचारतात, ज्वारी नांगरून टाकू, वाळवून घालू, की मुरघास (खड्ड्यात हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करू? पाऊस झालाय म्हणजे आता धोका गेला ना? आणि कुणी म्हणतं किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागली की गुळाचं पाणी पाजावं, ते खरं का?

मी जनावरांचा डॉक्टर आहे, वीस-बावीस वर्षं ज्वारीच्याच पट्ट्यात काम करतोय. तुमचा खरा प्रश्न ज्वारीचा नाही, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या वैरणीचा आहे. ज्वारीतलं विष वेळ दिला की आपोआप उतरतं. तेवढा वेळ दावणीला काय टाकायचं हे जमलं, तर ज्वारी नांगरायची गरजच नाही. ते जमलं नाही, तर कुठल्यातरी संध्याकाळी "थोडीशी टाकून बघू" असं होतं आणि मग रात्री मला फोन येतो.

किराळ म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. ज्वारीच्या पानात तयार सायनाइड नसतं. पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो, त्यात सायनाइड साखरेला बांधलेलं असतं. 1902 मध्ये डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी तो ज्वारीतून वेगळा काढला आणि ज्वारीच्या 'ढुरा' या अरबी नावावरून त्याला नाव दिलं. धुरिन पानाच्या वरच्या सालीच्या पेशींत साठवलेलं असतं. त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) आतल्या हिरव्या पेशींत असतं. पान शाबूत आहे तोवर या दोघांची गाठ पडत नाही. जनावराने पान चावलं, चिरडलं, की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. झाडाने किडीपासून स्वतःच्या बचावासाठी केलेली ही व्यवस्था आहे, गाय त्यात उगाच सापडते.

गाय-म्हैस जास्त का सापडते, तर तिच्या पहिल्या पोटात भरपूर पाणी असतं, ऊब असते आणि तिथले जंतू स्वतःच धुरिन फोडतात. घोड्याच्या पोटातल्या आम्लात विकर मंदावतं, म्हणून घोडा तुलनेने वाचतो. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट मात्र या कामासाठी मुद्दाम बनवल्यासारखं आहे. सुटलेलं सायनाइड रक्तात जातं आणि पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला तो घेता येत नाही. भरल्या विहिरीच्या काठावर तहानेने मरावं, तसं.

दुसरी बाजूही आहे. जनावराचं शरीर सायनाइड निकामी करतं. यकृतात गंधकाच्या मदतीने त्याचं थायोसायनेट होतं आणि लघवीवाटे निघून जातं. म्हणजे विष किती खाल्लं याइतकंच किती वेळात खाल्लं हे महत्त्वाचं. "आमची म्हैस तर याच ज्वारीत रोज चरते, काही होत नाही" असं सांगणारा प्रत्येक गावात एक असतो, आणि तो खोटं बोलत नाही. त्याची म्हैस पोट भरलेली असताना, चार घास इथे चार घास तिथे करत दिवसभर चरते. शेजाऱ्याची गाय दुपारपर्यंत उपाशी होती, दावं तुटलं आणि तिने पंधरा मिनिटांत पोट भरलं.

हिशेबच करून बघा. हिरव्या वैरणीत किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर सायनाइड असेल तर आपल्याकडे ती धोक्याची धरतात. जनावराच्या वजनाच्या किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम सायनाइड झपाट्याने पोटात गेलं, तर जीव जाऊ शकतो. 400 किलोच्या गाईला झाले 800 मिलिग्रॅम. म्हणजे धोक्याच्या रेषेवरच्या ज्वारीचे 4 किलो. भुकेली गाय 4 किलो हिरवा पाला किती वेळात संपवते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि कोवळ्या पोंग्यात, म्हणजे नव्या फुटव्यात, हे प्रमाण त्या रेषेच्या कितीतरी वर असू शकतं.

आता तुमचं रान. धुरिन वाढवणाऱ्या चार गोष्टी मी नेहमी विचारतो. झाड कोवळं आहे का? खोडव्याचा फुटवा आहे का? नत्र जास्त झालंय का, विशेषतः स्फुरद कमी असताना? पाण्याचा ताण बसलाय का? तुमच्या दीड एकरात या चारही गोष्टी एकत्र आल्यात. उगवल्यावर पहिले काही दिवस ज्वारीच्या कोंबात धुरिन सगळ्यात जास्त असतं. झाड मोठं होतं, ताट जाड होतं, तसतसं एकूण वजनाच्या मानाने ते कमी होत जातं. खोडव्याचा फुटवा म्हणजे पुन्हा कोवळं झाड. त्यात युरिया, म्हणजे धुरिन बनवायला कच्चा माल. आणि ताणात झाडाची वाढ थांबते, पण धुरिन तिथेच साठून राहतं. खुरटलेल्या गुडघाभर झाडात ते दाटून बसतं.

पाऊस झाला म्हणजे धोका गेला, ही समजूत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो, आणि सगळ्यात जास्त जनावरं याच समजुतीने गेलेली पाहिलीत. पावसाने जुनी पानं उलगडतात, रान हिरवंगार दिसतं. पण बुडाला बघा. दोन-चार दिवसांत बुडातून नवे फुटवे निघतात, पिवळसर हिरवे, लुसलुशीत. हेच सगळ्यात विषारी. चरणारं जनावर नेमकं तेच आधी वेचून खातं, कारण ते कोवळं असतं. भरीला ताणात जमिनीत पडून राहिलेला युरिया पाऊस पडताच झाडात शिरतो आणि ताटाच्या बुडाशी नायट्रेट साठतं. ते वेगळं विष आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

यात काही गोष्टी तुमच्या रानावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत. वाण कोणता, हा मोठा भाग. हिसारची एसएसजी 59-3, जिला मीठी सुदान म्हणतात, ती या बाबतीत सौम्य समजली जाते. बांधावरचा बरू ज्वारीचाच भाऊबंद आहे, आणि त्याच्याशी खेळू नये. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांबरोबर काम करून 2012 मध्ये धुरिन जवळजवळ बनवतच नाहीत अशा ज्वारीच्या झाडांची माहिती छापली. पण आज तुमच्या रानात ते बियाणं नाही. सौम्य वाणसुद्धा ताण आणि युरियाच्या जोडीने बिघडतो. त्यामुळे पिशवीवरच्या नावावर विसंबू नका.

खात्री करायची असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिक्रेट कागदाची साधी चाचणी असते. चिरडलेली पानं बंद नळीत ठेवतात, वर पिवळा कागद टांगतात, सायनाइड सुटलं की कागद विटकरी होतो. नमुना देताना कोवळा फुटवाच द्या, मोठं ताट नको, आणि पिशवीत हवाबंद करून त्याच दिवशी पोचवा. दुसऱ्या दिवशी पोचलेल्या नमुन्यातून सायनाइड उडून गेलेलं असू शकतं आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळतो. ही चाचणी घरी करू नका. पिक्रिक आम्ल वाळलं तर स्फोटक असतं.

तर करायचं काय? नांगरू नका. थांबा.

झाड कंबरेच्या वर जाऊ द्या, पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत) येऊ द्या, आणि जमलं तर निम्म्या ताटांना फुलोरा दिसेपर्यंत थांबा. आता पाऊस झालाय, म्हणजे साधारण महिनाभर. पाऊस पुन्हा ओढला आणि विहिरीला पाणी असेल तर एक पाणी द्या. पण पाणी देऊन दुसऱ्या दिवशी कापायचं नाही, झाडाला वाढायला किमान दोन आठवडे मिळाले पाहिजेत. आणखी युरिया नको. कापताना बुडाला नवे फुटवे दाट दिसले तर विळा थोडा वर धरा, ते रानातच राहू द्या. त्या रानात जनावर सोडायचं नाही, कापून आणूनच घालायचं.

वाळवून घालायचा विचार तुम्ही लिहिलाय. तत्त्व बरोबर आहे. नीट वाळलेल्या कडब्यातलं सायनाइड बहुतेक उडून जातं, म्हणून आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या कडबा निर्धास्त घालत आलेत. पण कडबा हा पक्व ताटाचा असतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाळतो. सप्टेंबरच्या दमट हवेत गुडघाभर कोवळी ज्वारी वाळत नाही, ती फक्त सुकते. सुकणं आणि वाळणं यात जीव जातो. मलूल झालेल्या पानात विष तसंच असतं, आणि रसरशीत नसल्याने आपल्याला वाटतं निघून गेलं. हातात घेऊन चुरगळल्यावर पान कुरकुरलं पाहिजे, ताट मोडल्यावर आतून ओलं लागता कामा नये. या हवेत तुम्हाला ते साधणार नाही.

मुरघास हा चांगला मार्ग आहे, पण आज नाही. इतकी कोवळी, पाणीदार ज्वारी खड्ड्यात घातली तर मुरघास न होता शेणासारखा वास मारणारा चिखल होतो. पोटरीत आल्यावर कुट्टी करून, नीट दाबून, हवाबंद करा आणि किमान सहा आठवडे उघडू नका. मुरताना सायनाइडही उतरतं आणि नायट्रेटही बऱ्यापैकी कमी होतं. उघडल्यावर काढलेला मुरघास थोडा वेळ हवेवर पसरून मग घाला.

आता नायट्रेटचं. सायनाइड पानात जास्त, नायट्रेट ताटाच्या बुडाशी जास्त. सायनाइड वाळवल्यावर उडतं, नायट्रेट वाळल्यावरही तसंच राहतं. कापलेली हिरवी कुट्टी रात्रभर ढीग करून ठेवली तर ढीग तापतो आणि त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते आणखी वाईट. म्हणून कापलं ते त्याच दिवशी घाला, ढीग लावू नका, आणि युरिया पडलेल्या रानातल्या पहिल्या कापणीत बुडाची वीतभर ताटं सोडून द्या.

महिन्याने कापणी सुरू कराल तेव्हाही पहिल्या दिवशी सरसकट घालू नका. सकाळी आधी कोरडा चारा, कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट, पोटात जाऊ द्या. मग हिरवी ज्वारी त्याच्यात मिसळून, निम्म्याहून कमी. पहिल्या दिवशी एकाच जनावराला घाला, आणि तुम्ही स्वतः तासभर तिथेच बसा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, चहा घेऊन बसा. लक्षणं दिसायची तर दहा-पंधरा मिनिटांपासून तासाभरात दिसतात. रोजच्या खाद्यात खनिज मिश्रण असू द्या, कारण सायनाइड निकामी करताना शरीरातलं गंधक खर्च होतं.

तोवर दावणीला काय? मका आणि बाजरी यांच्यात धुरिन नसतं. बाजरीलाही नायट्रेटचा धोका असतो, पण किराळ लागत नाही. जवळ कारखाना असेल तर गाळप सुरू झाल्यावर उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळेल, पण त्याला अजून वेळ आहे. मला विचाराल तर गेल्या वर्षीचा कडबा महाग पडला तरी विकत घ्या. शंभर-दोनशे पेंढ्यांचे पैसे आणि एका दुभत्या गाईची किंमत हा हिशेब तुम्हीच करा.

गुळाच्या पाण्याचं उत्तर देण्याआधी एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अवकाळीच्या दोन सरी झाल्या आणि आठवडाभरात एका रब्बीच्या रानात धसकटांना हातभर पोंगे फुटले. दुपारी तीन जनावरं त्या रानात शिरली. मी पोचलो तेव्हा एक खोंड गेलेलं होतं, एक गाय आडवी पडून पाय झाडत होती, दुसरी उभी होती पण थरथरत होती. तोंडाला लाळ, श्वास भात्यासारखा, बुबुळं विस्फारलेली. पडलेल्या गाईच्या गळ्याच्या शिरेत सुई घातली आणि रक्त आलं ते जास्वंदीसारखं लालभडक. शिरेतलं रक्त एरवी काळसर असतं. एवढं लाल शिरेतून दिसलं की माझा हात थांबत नाही. शिरेतून आधी सोडियम नायट्राइट, पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट. पहिलं औषध रक्तात बदल घडवून सायनाइडला पेशींपासून ओढून घेतं, दुसरं त्याला गंधक पुरवून लघवीवाटे बाहेर काढतं. पंधरा मिनिटांनी तिने मान उचलली, अर्ध्या तासाने उभी राहिली आणि उभी राहिल्या राहिल्या त्याच पोंग्यांकडे तोंड वळवलं. मालकाने कासरा धरला म्हणून बरं.

थायोसल्फेट म्हणजे फोटो धुणाऱ्यांचा हायपो. मी नवीन होतो तेव्हा तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून किलोभर आणून बॅगेत ठेवायचो. आता स्टुडिओ गेले, औषधही प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. म्हणून आजच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, ही दोन औषधं त्यांच्याकडे आहेत का.

तर गूळ. साखर सायनाइडला थोडीफार बांधते, हे खरं आहे. पण ज्या वेगाने हे विष चालतं, त्या वेगाला गूळ पुरत नाही. आणि पडलेल्या, झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटली घातली तर पाणी फुफ्फुसात जातं. किराळीतून वाचलेली पण पाजल्याने न्यूमोनिया होऊन गेलेली जनावरं मी पाहिलीत. जनावर उभं असेल, गिळत असेल, तर डॉक्टर येईपर्यंत हायपो पाण्यात विरघळवून पाजता येतो, तोही फोनवर डॉक्टरांना विचारूनच. पहिलं काम बाकीची जनावरं त्या रानातून बाहेर काढणं. दुसरं, पडलेल्याला धावपळ न करता सावलीत ठेवणं. त्याला हाकलू नका, उठवू नका, चालवलं की प्राणवायूची गरज वाढते.

डॉक्टरांना जनावराने काय खाल्लं आणि रानात खत कधी टाकलं हे आधी सांगा. नायट्रेटच्या विषबाधेतही जनावर असंच धापा टाकतं, पण रक्त चॉकलेटी तपकिरी येतं, आणि तिथे सोडियम नायट्राइट टोचलं तर जनावर आपल्याच हाताने मरतं. त्याचं औषध मिथिलीन ब्लू. तुमच्या रानात दोन्हीची शक्यता आहे, म्हणून युरियाची तारीख लपवू नका. "डॉक्टर रागावतील" म्हणून लोक ती लपवतात.

शेजाऱ्याच्या गाईबद्दल, तिचा विमा असेल तर शवविच्छेदन करून घ्यायला सांगा, पोटातला चारा हवाबंद बरणीत बर्फावर ठेवून पाठवावा लागतो. पण नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर तिला कुणी हात लावू नये, कापू तर नयेच. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो, आणि तो रोग माणसाला होतो.

घरातल्या मंडळींनी विचारलंच तर, भाकरीला आणि हुरड्याला काही धोका नाही. दाण्यात धुरिन जवळपास नसतं, ते मोड फुटला की तयार व्हायला लागतं.

आणि शेळ्या. तुम्ही त्यांचा ओझरता उल्लेख केलाय, पण येत्या महिन्यात मला त्यांचीच जास्त काळजी आहे. रब्बीची पेरणी होईल, पंधरा-वीस दिवसांनी विरळणी होईल, आणि उपटलेल्या रोपांचा भारा बाया-मुलं संध्याकाळी डोक्यावर घेऊन घरी येतील. फुकटचा हिरवा चारा, शेळ्यांपुढे टाकायला. ती वीतभर रोपं तुमच्या खोडव्याइतकीच विषारी असतात, आणि दिवसभर राखून आणलेल्या शेळ्या संध्याकाळी भुकेल्याच असतात. विरळणीच्या मजुरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, उपटलेली रोपं सरीतच टाका, घरी नेऊ नका. खोडव्याला कुंपण घालताना शेळी शिरेल अशी फट कुठे राहते, ते मात्र आजच बघून घ्या.